मागाच्या खोलीतला हंसराज

बाबा, तुमचा हंसराज सध्या माझ्याकडे आहे. भंडाऱ्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीत. तिथे ऊन थेट येत नाही, उजेड मात्र दिवसभर असतो. मातीची कुंडी, कुंडीखाली परात, परातीत खडे आणि खड्यांच्या निम्म्यापर्यंत पाणी; कुंडीचं बूड पाण्याला टेकत नाही. पुस्तकात अशा झाडांना नेचे म्हणतात, नर्सरीवाला फर्न म्हणतो. आज सकाळी मोजली तेव्हा पूर्ण उघडलेली पानं सव्वीस होती आणि गुंडाळी सोडत असलेली चार. माझ्याबद्दल सांगायचं तर मी एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. लोकांची मोजायची उपकरणं खरं सांगतात की नाही हे तपासायचं काम. राइस मिलवाले धानातली ओल मोजायची यंत्रं आणतात, दवाखान्यांतून थर्मामीटर येतात, दुकानांतले तराजू येतात. मी ती तपासते आणि किती चुकतात ते कागदावर लिहून सही करते. सगळीच थोडीफार चुकतात. किती चुकतात हे माहीत असलं की चुकणाऱ्या उपकरणावरही काम करता येतं. माहीत नसलं की नाही.

दिवाळीनंतर आई माझ्याकडे राहायला आली. गावातलं घर शेजारच्या काकांनी घेतलं आणि तुम्ही विणायचात ती मागाची खोली त्यांनी सगळ्यात आधी पाडली, कारण मुलांच्या मोटरसायकली ठेवायला तीच जागा सोयीची होती. आई एसटीतून उतरली तेव्हा ट्रंक तिनं मला दिली, पण हातातला जर्मनचा गंज, ते उभं पातेलं, दिला नाही. गंजात मातीचा गोळा होता, गोळ्यातून वर आलेले काळे, तारेसारखे देठ आणि त्यांवर दोनचार हिरवी पानं. देठांवरून मी ओळखलं. "हा जगला?" असं मी विचारलं. "मरून मरून जगला," ती म्हणाली. "न्हाणीच्या पाण्यावर होता पडून. मी काही केलं नाही." वरच्या मजल्यावरच्या बाई एकदा पाण्याच्या टाकीचं विचारायला आल्या आणि कुंडीसमोर उभ्या राहिल्या. "याले फूल कवा येते?" मी म्हटलं, येत नाही. "आन् फळ?" तेही नाही. "मंग कायले पोसून राहिल्या?" आई भाजी निवडत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "सोयरा हाये आमच्याकडचा. म्हातारा हाये. जेवत नाही, बोलत नाही. म्हटलं राहू द्या."

पहिल्या महिन्यात मी त्याला जवळजवळ मारला. नर्सरीतून नारळाचा भुसा आणला, त्यात गांडूळखत मिसळलं, दिवसातून दोनदा पानांवर फवारा सुरू केला. पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि कोवळ्या गुंडाळ्या काळ्या पडून गळाल्या. मी खताचं प्रमाण वहीत पुन्हा तपासत होते तेव्हा आई म्हणाली, "त्याले खायले नाही लागत वो. त्याले भिंत लागते." मग तिनं ट्रंकेतून फडक्याची एक पुरचुंडी काढली. पाडलेल्या खोलीच्या चुन्याचे पाच खडे. ते तिनं आणले आहेत हे तोवर मला माहीत नव्हतं. मी ते कुटून मातीत मिसळले, भुसा आणि खत धुऊन काढलं आणि वाळलेली सगळी पानं बुडापासून कापली. कापताना एकदा थांबले, कारण कुंडीत दिसायला काहीच उरत नव्हतं. पण या झाडांचा जीव पानांत नसतो, मातीतल्या आडव्या खोडात असतो. बाविसाव्या दिवशी पहिली गुंडाळी वर आली. फवाराही बंद केला. पानं ओली केली म्हणून हवा ओली होत नाही. पानं तेवढी कुजतात. तुम्ही त्याच्या पानांवर पाण्याचा थेंबही कधी टाकला नाही. तुम्ही पाणी मारायचात ते जमिनीवर आणि भिंतीवर.

ती खोली मला मोजमापासकट आठवते. अकरा फूट बाय नऊ, एक खिडकी, खिडकीवर ओलं पोतं. मधे मागाचा खड्डा, खड्ड्यात तुमचे पाय आणि कमरेपासून वर तुम्ही. खोली दमट का ठेवायची हे आता मी एका वाक्यात सांगू शकते: कोशाचा रेशमी धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि फार ओल्या हवेत त्याच्यावर चढवलेली तांदळाची खळ चिकट होते. या दोन्हींच्या मधली जागा अरुंद आहे. आपल्या गल्लीत ती जागा कुणी ओठ चाटून ओळखायचं, कुणी धाग्यांतून सरकणाऱ्या धोट्याच्या आवाजावरून. तुम्ही हंसराजाला विचारायचात. लग्नाच्या आधी मित्रांबरोबर आंबागडच्या किल्ल्यावर गेलात आणि तिथल्या भिंतीच्या फटीतून चुन्यासकट उपटून, दुपट्ट्यात बांधून त्याला घेऊन आलात, ही हकीकत मी तुमच्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की तुमच्या मित्रांचे विनोदसुद्धा मला पाठ आहेत. तो खिडकीसमोरच्या लाकडी फाट्याला हंडीत टांगलेला असतो. तुम्ही धोटा टाकता, मान जराशी वर होते, पान पाहता, पुन्हा धोटा टाकता. पानांच्या कडा आत वळायला लागल्या की उठून जमिनीवर पाणी मारता. पान उघडं असेल तर बसून राहता. त्याला मात्र रोज सकाळी एकच गडवा पाणी, वैशाख असो की श्रावण. मुळाशी ओल रोज तेवढीच ठेवली तर पान जे सांगतं ते हवेबद्दलच असतं. एक गोष्ट स्थिर ठेवायची आणि दुसरी पाहायची. मला हे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं. तुम्हाला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही.

मी नऊ वर्षांची असेन. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून मी स्टुलावर चढून हंडीत दोन गडवे पाणी ओतलं. तुम्ही धोटा खाली ठेवलात. आवाज चढवला नाही. तुमचा आवाज चढायचाच नाही, त्यामुळे जास्त भीती वाटायची.

"काहून टाकलं पाणी?"

"त्याले तहान लागली होती."

"त्याले नाही, खोलीले लागली होती. आता दोन दिवस हा खोटं बोलन."

आणि पुढचे दोन दिवस तुम्ही त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. ओठ चाटून काम चालवलंत. माझ्याशी नेहमीसारखे बोलत होतात, पण त्याच्याकडे पाहत नव्हतात, आणि ती शिक्षा मला पुरली.

घड्याळाची गोष्ट त्याच्या दहा वर्षांनंतरची. ते घड्याळ नव्हतं, हवेतली ओल मोजायचं उपकरण होतं, पण आपल्या घरात त्याला दुसरं नाव कधी मिळालं नाही. मी नागपूरला शिकत होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ते मोडीत निघालं आणि सरांनी मला नेऊ दिलं. वीतभर रुंदीची पितळी डबी, वर काच, शून्य ते शंभरची तबकडी, एक काटा. आत माणसाचे केस ताणून बसवलेले असतात. हवेत ओल वाढली की केस लांबतो, कमी झाली की आखडतो, आणि काटा त्या लांबण्या-आखडण्यावर फिरतो. आतले केस तुटले होते. होळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा मी माझे बसवले, तुमच्यासमोर, मागाच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून. तुम्ही काम थांबवून पाहत होतात. दुसरं काही पाहायला तुम्ही काम थांबवल्याचं मला आठवत नाही.

"केस कोणाचे?"

"माझे."

"धुतले का?"

"शिकेकाईनं."

"तुह्या मायनं जलमापासून खोबरेल चोपडलं त्याले. शिकेकाईनं काय होते? सोड्याच्या पाण्यात उकळून घे. आमी कोसा उकळतो तसा. तेल राहिलं तं धागा वल धरत नाही."

"बाबा, हा माग नाही."

"धागा तं हाये ना."

मी उकळले नाहीत. डबी ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर ठेवली, काटा पंचाण्णववर आणला आणि स्क्रू घट्ट केला. पुस्तकात तसंच लिहिलं होतं. कोरड्या बाजूलाही एकदा तपासून पाहावं, असं त्याच पुस्तकात पुढच्या पानावर लिहिलं होतं. ते पानही मी वाचलं होतं. घड्याळ तुम्ही स्वतः भिंतीला लावलंत, हंसराजाच्या शेजारी, बसल्या जागेवरून दिसेल असं. शेजारचे काका दारातून डोकावले. "काय वाजले गा?" तुम्ही मान वळवून पाहिलंत. "सत्तर वाजले." "मंग जेवाची वेळ टळली म्हण की!" गल्लीतले लोक आठवडाभर वेळ विचारायला येत राहिले. प्रत्येकाला तुम्ही एकच सांगत होतात, "पोरीनं केलं. तिचेच केस हायेत आत." मी आतल्या खोलीतून ऐकत होते.

एप्रिलमध्ये परीक्षेआधी चार दिवस मी पुन्हा घरी आले. घड्याळाच्या काचेवर कोशाचा एक दोरा चिकटवलेला होता. खळीनं, अगदी सरळ, मधल्या बिंदूपासून चौऱ्याहत्तरच्या आकड्यापर्यंत. हे कुणी केलं म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, "मी. काटा तिथं आला का पाणी माराचं. हंसराजबी तवाच वळते."  मी त्यावर बोलले ते चौथ्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी, पिशवी भरून झाल्यावर. चौऱ्याहत्तर फार जास्त आहे, म्हटलं, पुस्तकात साठ सांगितलंय, इतकी ओल ठेवली तर कापडाला बुरशी धरेल. झाडाच्या पानांतून वाफ निघते, ते घड्याळाच्या इतकं जवळ असलं तर काटा वर दाखवणारच, तेव्हा झाड बाहेर हलवायला हवं. आणि उपकरणाच्या काचेवर काही चिकटवायचं नसतं. झाडालाच विचारून चालायचं असेल तर उपकरण लावलं कशाला? हे सगळं मी एका दमात, चांगल्या भाषेत बोलले. नागपूरला गेल्यापासून मी तुमच्याशी आपल्या बोलीत कमी बोलायला लागले होते. तुम्ही म्हणालात, "बरं." मी ओलं फडकं घेऊन दोरा पुसला. स्टुलावर चढून हंडी काढली आणि मागे न्हाणीच्या भिंतीशी नेऊन ठेवली. मग तुम्हाला सांगितलं, काटा साठवर आला की पाणी मारा, त्याच्या आधी नाही.

"पक्कं ना?" तुम्ही विचारलंत.

"पक्कं," मी म्हटलं.

मे महिन्यातलं मी पाहिलेलं नाही, आईकडून आणि शेजारच्या काकूंकडून ऐकलेलं आहे. नवा ताणा होता, लग्नातल्या लुगड्यांचे उभे धागे, सगळे कोशाचे. पहाटे गल्लीभर बांबूंवर ताणा पसरला. आपल्याकडे ताण्याला खळ चढवायची ती एका घरानं चढवायची नसते. ज्याचा ताणा असेल त्याच्या दारी सगळी गल्ली कुंचे घेऊन येते, आणि त्यांचा असेल तेव्हा आपण जातो. खळ काकूंनी शिजवली होती. ताणा मागावर चढला आणि चौथ्या दिवसापासून तुटायला लागला. आधी दोनतीन धागे, मग एकदम वीस, तीस. तुम्ही गाठी मारत राहिलात. हातभर कापडात कापडापेक्षा गाठी जास्त झाल्या. पुन्हा गल्ली गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, खळ पातळ झाली, आणि काकू दारातच रडायला लागल्या. तेव्हा तुम्ही म्हणालात, "खळीले काही नाही झालं. माहे डोळे गेले. मले धागा दिसत नाही, मीच ओढून तोडून राहिलो." असं म्हणून तुम्ही ताणा कापलात आणि खड्ड्यातून वर आलात. तुमच्या डोळ्यांत पडदा यायला लागला होता हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. घड्याळात त्या वेळी साठच्या वर वाजले होते.

जूनमध्ये मी आले तेव्हा माग रिकामा होता. घड्याळ भिंतीवर होतं, काच पुसलेली. न्हाणीपाशी हंडीत नुसते काळे देठ उरले होते. मी दोन्हींबद्दल काही विचारलं नाही. आईनं एका वाक्यात सांगितलं, डोळे गेले, ऑपरेशन करा म्हटलं तर ऐकत नाहीत. पुढचे सहा-सात महिने तुम्ही काकांच्या घरी कांड्या भरायला जायचात. धोट्यात घालायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायचं ते काम आपल्या गल्लीत म्हाताऱ्या बायका आणि शाळकरी मुली करतात. तुम्ही त्यांच्या ओळीत बसायचात. काकू एकदा मला म्हणाल्या, "तुह्या बाबाच्या हातच्या कांडीचा धागा कधी तुटला नाही वो." केसासारख्या बारीक धाग्याचं टोक शोधून नळीला लावायचं, हे डोळे गेलेल्या माणसाचं काम नाही. हा विचार मी अकरा वर्षांपूर्वी करायला हवा होता. त्याच पौषात तुमच्या छातीत कफ झाला आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता या वर्षाचं. आईनं ट्रंकेतून घड्याळही आणलं होतं, तुमच्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून, आणि मला न विचारता खिडकीशेजारी खिळ्याला लावलं होतं. "दोघं जवळच राहू दे."  बारा दिवसांपूर्वी दुपारी मी जेवायला घरी आले होते. हवा सुकायला लागली आहे. हंसराजाच्या पानांच्या कडा आत वळत होत्या. मी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. चौऱ्याहत्तर. ओट्यावर माझं प्रयोगशाळेत तपासलेलं छोटं यंत्र ठेवलेलं असतं, कुंडीसाठीच. त्यात साठ होते.

संध्याकाळी बिस्किटांच्या डब्यात वाटीभर ओलं मीठ ठेवून, घड्याळ आत ठेवून झाकण लावलं. ओल्या मिठाच्या बंद डब्यात हवेतली ओल पंचाहत्तर असते; घरच्या घरी करायची ही साधी तपासणी आहे, एकोणिसाव्या वर्षीही मला करता आली असती. काटा त्र्याऐंशीवर थांबला. शनिवारी घड्याळ प्रयोगशाळेत नेलं आणि सगळे आकडे घेतले. जितकी हवा कोरडी, तितकं ते जास्त चुकतं. तेलकट केस आखडायला हवा तितका आखडत नाही. खरी ओल साठ असताना ते चौऱ्याहत्तर दाखवतं. साठ दाखवतं तेव्हा खरी त्रेचाळीस असते. त्रेचाळीसमध्ये कोशाचा ताणा टिकत नाही. कुणाचाही नाही, डोळे कितीही चांगले असोत. अकरा वर्षांत काटा सरकला असेल, अशी शंका मी घेतली. शंका घेणं माझं काम आहे. पण हंसराज वळायचा तेव्हाचा तुमचा दोराही चौऱ्याहत्तरवरच होता. म्हणजे तेव्हाही ते तेवढंच चुकत होतं. दुरुस्तीला हात लावायच्या आधी उपकरण जसं आलं तसं नोंदवून ठेवायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. त्या घड्याळाची अशी नोंद एकाच माणसानं केली होती, झाडाला विचारून, आणि ती मी ओल्या फडक्यानं पुसली.

आई रोज सकाळी कुंडीपाशी उभी राहून तुमच्याशी भांडते. तुम्हाला माहीत नसेल. "डोळे दाखवले असते तं माग सुटला नसता. हेकट मानूस." आधी मी ते ऐकून सोडून द्यायची. आकडे हातात आल्यावर सोडता येईना, तरी आठवडाभर मी गप्प राहिले. गेल्या रविवारी ती तांदूळ निवडत होती आणि मी सांगितलं.

"आई, बाबांचे डोळे तितके गेले नव्हते."

"तुले काय माहीत? तू नागपूरले होती."

"ताणा डोळ्यांमुळे नाही तुटला. घड्याळ चुकीचं होतं. मी लावलेलं."

तिचा हात सुपात थांबला. ती विणकराची बायको आहे, तिला आकडे सांगावे लागले नाहीत. "म्हणजे खोली सुकी होती?"

"हो."

"मी म्हटलं होतं त्यायले. म्हटलं, खोली सुकी लागून राहिली, माह्या टाचा फुटून राहिल्या. तं म्हणे, घड्याळ साठच्या वर हाये, पोरीनं सांगतलं हाये." ती सुपाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी लय बोलली वो त्यायले. शेवटच्या दिवशीबी बोलली. डोळे काहून दाखवले नाही म्हणून."

 खरं सांगितलं की कुणावरचं तरी ओझं कमी होईल असा माझा हिशेब होता. ते फक्त तुमच्यावरून उतरलं आणि तिच्यावर गेलं. ती उठली, गडवा भरून कुंडीपाशी गेली आणि सगळं पाणी ओतलं. सकाळचं पाणी मी आधीच घातलं होतं. मी तिला थांबवलं नाही. आता दोन दिवस हा खोटं बोलेल, एवढं मनात आलं.

आज तिसरा दिवस. पानं पुन्हा विश्वास ठेवण्यासारखी झाली आहेत. घड्याळ मी दुरुस्त केलेलं नाही. नवे केस सोड्यात उकळून बसवायला दोन तास पुरतील, पण मग जुने काढावे लागतील. त्याऐवजी त्याच्या आकड्यांचा दाखला मी रीतसर लिहिला आणि सही केली. दाखला ज्याचं उपकरण असेल त्याला द्यायचा असतो आणि प्रत आमच्याकडे राहते. इथे दोन्ही माझ्याकडेच राहतील, आणि हे पत्रही त्याच कागदांमागे, कारण ते पोस्टात टाकायला पत्ता नाही.

आईला मी घड्याळ चुकलं एवढं सांगितलं. दोऱ्याचं सांगितलं नाही. एप्रिलमधल्या तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जेवायला आत गेला होतात आणि मी मागाच्या खोलीत एकटी बसले होते. हंसराजाची पानं वळायला लागलेली मी पाहिली. मान वर करून घड्याळाकडे पाहिलं, तर काटा तुमच्या दोऱ्याच्या बरोबर खाली होता, केसभरही इकडे-तिकडे नाही. दोरा मी दुसऱ्या दिवशी पुसला.